दिवा मालवल्यावर मुलांना काय सांगाल?



आपण धम्मदीक्षा घेतली त्या दिवशी भिंतीवरच्या तसबिरी उतरवल्या. देव्हारा रिकामा केला. त्या जागी तथागतांची मूर्ती आली, शेजारी बाबासाहेबांचा फोटो आला. बावीस प्रतिज्ञा आपण चारचौघांत मोठ्याने म्हटल्या. भाद्रपदात शेजारच्या वाडीत गौरी-गणपतीची ढोलकी वाजू लागली आणि आपली पोरे दारात उभी राहून तिकडे टकमक पाहू लागली, तेव्हा त्यांना जवळ घेऊन समजावले. हे सारे दिवसाउजेडी झाले. काहींनी नावे ठेवली, काहींनी पाठ थोपटली. मी आज तुम्हाला विचारणार आहे ते रात्रीचे. दिवा मालवल्यावर पोर कुशीत शिरते आणि "गोष्ट सांग" म्हणते, तेव्हा तुम्ही त्याला काय सांगता?

प्रश्न क्षुल्लक वाटेल. समाजापुढे शिक्षणाचे, नोकरीचे, जमिनीचे डोंगराएवढे प्रश्न असताना ही बाई निजतानाच्या गोष्टी काय घेऊन बसली, असेही कोणी म्हणेल. परंतु जरा विचार करा. दिवसा मूल सावध असते. शाळेत गुरुजींचे ऐकते, मित्रांशी भांडते, पटले नाही तर तोंड वेंगाडते. रात्री अंधारात त्याच्यापाशी फक्त आपला आवाज असतो आणि त्या आवाजावर त्याचा पुरता विश्वास असतो. त्या वेळी आत गेलेली गोष्ट पुढे पन्नास वर्षे बाहेर निघत नाही. तुमच्यापैकी कित्येकांना त्रिसरण-पंचशील तोंडपाठ आहे, देव-भूत खोटे हे पटलेले आहे, तरी अमावास्येला पाखाडी चढताना पाय आपोआप भराभर पडतात. हे पाय कोणी शिकवले? आपल्या आजीनेच शिकवले, आपल्याला थोपटता थोपटता.

माझेच सांगते. लहानपणी आमच्या वाडीतून वर गावाकडे जाणाऱ्या वाटेवर एक पिंपळ होता. त्या पिंपळावर मुंजा आहे, तिन्हीसांजेनंतर तिकडे गेलेल्या पोराला तो धरतो, ही गोष्ट माझ्या आईने मला किती रात्री सांगितली असेल याची गणती नाही. तिच्या गोष्टीतल्या मुंजाला पांढरे कपडे होते, शेंडी होती, आणि तो पोरांना नावाने हाक मारी. मी डोक्यावरून वाकळ घेऊन झोपे. कॉलेजात गेल्यावर सुट्टीत घरी आले असताना मी एकदा भरदुपारी त्या पिंपळाखाली मुद्दाम जाऊन उभी राहिले. तिथे मुंजा नव्हता. दहा पावलांवर एक चिरेबंदी विहीर होती. आईच्या लहानपणी त्या विहिरीकडे आपले माणूस फिरकले तर मार खावा लागे. तेव्हा मला कळले. तिच्या आईने तिला आणि तिने मला, "तिकडे गेलीस तर माणसे मारतील" असे सांगण्याऐवजी "मुंजा धरील" असे सांगितले होते. माणसाच्या जागी भूत ठेवले होते. पाच वर्षांच्या पोरीला जात कशी समजावून सांगायची? भूत समजावणे त्यापेक्षा सोपे.

मी आईला दोष देत नाही. तिने मला मारापासून वाचवायला तसे केले. पण परिणाम काय झाला पाहा. विहिरीवरचा अन्याय झाकला गेला, आणि ज्याच्यावर रागवायचे त्याला मी भिऊ लागले. शिवाय आपल्या कोकणातली भुतेसुद्धा जात सोडत नाहीत, हे तुमच्या ध्यानात आले आहे का? मुंज होऊन लग्नाआधी मेलेल्या ब्राह्मणाच्या मुलाचा मुंजा होतो, ब्राह्मणाचा समंध होतो, कोळी-खारव्याचा झोटिंग. मेल्यावरही वर्णव्यवस्था सुटत नाही. आणि हे शास्त्र कोणत्या पाठशाळेत शिकवले जाते? आपल्याच घरात, वाकळेखाली.

तेव्हा पहिली गोष्ट भीतीची. तथागतांनी भीतीविषयी स्वतःचा अनुभव सांगितला आहे. मज्झिम निकायात भयभेरव नावाचे सुत्त आहे. बोधी मिळण्यापूर्वी ते मुद्दाम अवसेच्या, पौर्णिमेच्या रात्री लोक ज्यांना भितात अशा वनांत जाऊन राहत. तिथे एखादे हरीण येई, मोर काटकी मोडी, वारा पाचोळा हलवी, आणि मनात भय उठे. त्या वेळी ते चालत असतील तर चालतच राहत, बसले असतील तर बसूनच राहत. भय गेल्याशिवाय जागा बदलत नसत. यात मंत्र नाही, तावीज नाही, अंगारा नाही. आवाज कशाचा आहे ते थांबून पाहायचे, एवढेच. ही गोष्ट मी माझ्या सात वर्षांच्या मुलीला सांगितली. आता कौलांवर रात्री काही वाजले की ती विचारते, "मोर की हरीण?" आमच्याकडे बहुतेक वेळा मांजर असते.

याच धर्तीची एक जातककथा तुम्हाला वेगळ्या रूपात माहीत आहे. ससा झाडाखाली पडला होता, वरून काही पडले, आणि आभाळ कोसळले म्हणून तो पळत सुटला, ही ती गोष्ट. पाली जातकात तिचे नाव दद्दभ जातक. तिथे ते वन पश्चिम समुद्राजवळचे, ताडाचे आणि बेलाचे सांगितले आहे. रत्नागिरीत राहणाऱ्या आपल्याला ही गोष्ट घरचीच वाटायला हरकत नाही. ससा मनात म्हणत असतो, पृथ्वी फाटली तर माझे काय होईल? इतक्यात ताडाच्या पानावर बेलफळ आदळते. ससा पळतो, त्याच्यामागे हजारो ससे, मग डुकरे, हरणे, म्हशी, वाघ, हत्ती, सगळे समुद्राच्या दिशेने. वाटेत सिंह त्यांना अडवतो. तो विचारतो, पृथ्वी फाटलेली कोणी पाहिली? हत्ती म्हणतो वाघाला ठाऊक, वाघ आणखी कोणाकडे बोट दाखवतो, असे करीत करीत शेवटी ससा पुढे येतो. सिंह सशाला पाठीवर घेतो, त्या झाडापर्यंत परत जातो आणि पडलेले बेलफळ त्याला दाखवतो.

युरोपातल्या मुलांनाही ही गोष्ट झोपताना सांगतात. तिथे सशाऐवजी कोंबडीचे पिल्लू आहे. कोंबडी, बदक, टर्की असे सगळे राजाला खबर द्यायला निघतात, वाटेत कोल्हा भेटतो, आडवाट दाखवतो म्हणून त्यांना बिळात नेतो आणि एकेकाला खाऊन टाकतो. मूर्ख असाल तर कोल्हा खाईल, असा तिचा रोख. तीही गोष्ट काही वाईट नाही. आजच्या निवडणुकांच्या दिवसांत तर अगदी उपयोगी आहे. पण जातकातला सिंह मूर्खाला खात नाही. तो त्याला पाठीवर घेऊन परत नेतो आणि दाखवतो. वंदनेत धम्माच्या गुणांत आपण 'एहिपस्सिको' म्हणतो, म्हणजे 'या आणि पाहा'. मुलाला या शब्दाचा अर्थ तास घेऊन समजावता येणार नाही. बेलफळ दाखवून येतो.

आता तुम्ही म्हणाल, भुतांच्या गोष्टी सोडल्या, साध्या गोष्टी तरी सांगाव्यात ना? चिमणी-कावळ्याच्या? मलाही तसेच वाटत होते. गेल्या पावसाळ्यात एका रात्री मी मुलीला चिऊ-काऊची गोष्ट सांगत होते, जशी मी ऐकली तशीच. कावळ्याचे घर शेणाचे, चिमणीचे मेणाचे. पाऊस आला, कावळ्याचे घर वाहून गेले, तो भिजत चिमणीच्या दाराशी आला. आणि मग ते आपले सगळ्यांचे पाठ असलेले: थांब, बाळाला न्हाऊ घालते, थांब, बाळाला तीट लावते, थांब, बाळाला निजवते. मुलगी नेहमी हसते त्या जागी हसली नाही. ती म्हणाली, "चिऊने दार का नाही उघडले?" मी म्हटले, कावळा वाईट असतो म्हणून. ती म्हणाली, "त्याने काय केले?"

मी पुष्कळ आठवून पाहिले. त्या गोष्टीत कावळ्याने काहीही केलेले नाही. त्याचे घर शेणाचे आहे आणि तो काळा आहे, एवढाच त्याचा गुन्हा. आमच्याकडे सांगत त्या गोष्टीत तर शेवटी चिमणी त्याला आत घेऊन तापलेल्या तव्यावर बसवते, आणि पोरे टाळ्या पिटतात. मीही लहानपणी पिटल्या होत्या. पावसात दाराबाहेर उभे केलेल्याला हसायला मी शिकले, आणि तेही अशा घरात की ज्या घरातल्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्यांच्या अंगणात उभे राहून वरून टाकलेली भाकरी झेलली. ज्याने ही गोष्ट प्रथम सांगितली त्याच्या मनात जात होती असा माझा दावा नाही. शेण आणि मेण ही कदाचित नुसती यमकाची गंमत असेल. पण ऐकणाऱ्या पोराला गोष्टीचा हेतू कळत नाही. कोणाला हसायचे तेवढे कळते.

दुसऱ्या दिवशी शाळेत तिसरीच्या वर्गात मी ही गोष्ट घातली आणि विचारले, चिमणीने पहिल्या हाकेलाच दार उघडले असते तर? एक मुलगा म्हणाला, "मग गोष्ट संपलीच की, बाई." दुसरी उठून म्हणाली, "नाही, मग सुरू होते. कावळा बसणार कुठे? घर तर लहान आहे." त्यावर अर्धा तास वाद झाला. तास मराठीचा होता, पण मी तो नागरिकशास्त्राचा धरला.

येथे मला बाबासाहेबांच्या घराची आठवण होते. आपल्याच जिल्ह्यातल्या मंडणगड तालुक्यातले आंबडवे हे त्यांचे मूळ गाव. वडील सुभेदार रामजी सकपाळ सैन्यातून निवृत्त झाल्यावर काही वर्षे कुटुंब दापोलीच्या कॅम्पात होते, पुढे साताऱ्याला आणि मग मुंबईला गेले. सुभेदार कबीरपंथी, अत्यंत धार्मिक आणि शिस्तीचे. 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथासाठी बाबासाहेबांनी १९५६ मध्ये जी प्रस्तावना लिहिली आणि जी १९५७ च्या पहिल्या आवृत्तीत छापली गेली नाही, तिच्यात त्यांनी हे सांगितले आहे. वडील मुलांकडून रामायण-महाभारत वाचून घेत. बहिणी आणि घरी जमलेली माणसे ऐकत. हे पुष्कळ वर्षे चालले. पुढे परीक्षेतील यशाबद्दल वस्तीत छोटा समारंभ झाला, तेव्हा दादा केळूसकरांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. ते वाचल्यावर मुलाने वडिलांना विचारले, ब्राह्मण-क्षत्रियांची थोरवी आणि शूद्रांची हीनता सांगणारे हे ग्रंथ आपण का वाचायचे? बुद्धाचे वाङ्मय आम्हाला का नाही दिले?

सुभेदारांनी पहिल्यांदा दटावले. तुम्ही लहान आहात, सांगितले तेवढे करा. मुलाने काही काळाने पुन्हा विचारले. तेव्हा वडिलांनी कारण दिले. आपण अस्पृश्य, त्यामुळे मनात न्यूनगंड येण्याची भीती. द्रोण आणि कर्ण लहान स्थितीतून केवढे वर चढले, वाल्मीकी कोळी असून रामायणाचा कर्ता झाला, हे वाचून तो गंड जावा. मुलाचे समाधान झाले नाही. भीष्म, द्रोण, कृष्ण, राम यांतले कोणीही त्याला पटले नाही.

या प्रसंगातून आपले काही लोक एवढेच घेतात की बाबासाहेबांनी लहानपणीच रामायण नाकारले. मला मात्र त्या बापाचा विचार सुटत नाही. सुभेदारांपाशी दुसरे काय होते? मुलांची मान ताठ राहावी ही त्यांची तळमळ आपल्यासारखीच होती. परंतु हाताशी गोष्टी होत्या त्या दुसऱ्यांच्या, आणि त्या दुसऱ्यांच्या गोष्टींत शोधून शोधून त्यांनी एक कर्ण, एक वाल्मीकी असे आपल्या मुलांसाठी वेचून ठेवले. आजही आपल्यातला एखादा बाप एकलव्याची गोष्ट तशीच सांगतो: बघ, जंगलातला पोरगा, अर्जुनापेक्षा सरस. मग अंगठ्यापाशी येऊन तो अडखळतो. शाळेत ती गोष्ट गुरुभक्तीची म्हणून सांगितली जाते. आपल्या घरी काय म्हणून सांगणार?

त्याच दापोली तालुक्यात पालगड आहे. तिथे २४ डिसेंबर १८९९ रोजी साने गुरुजींचा जन्म झाला. १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात त्यांनी 'श्यामची आई' लिहिली, १९३५ मध्ये ती प्रसिद्ध झाली. त्या पुस्तकाची प्रकरणे म्हणजे रात्रीच आहेत: रात्र पहिली, रात्र दुसरी, अशा बेचाळीस. आश्रमात प्रार्थनेनंतर श्याम मित्रांना आईच्या आठवणी सांगतो. मराठीत रात्रीच्या गोष्टीला एवढा मान दुसऱ्या कोणी दिला नसेल. मी ते पुस्तक लहानपणी रडत रडत वाचले आहे, आणि गुरुजींच्या मनाच्या खरेपणाविषयी मला शंका नाही. पंढरपूरचे मंदिर खुले व्हावे म्हणून १९४७ मध्ये त्यांनी प्राण पणाला लावून उपोषण केले. त्या पुस्तकात आपली एक म्हातारीही आहे. तिच्या डोक्यावरून मोळी पडते, आणि ती उचलून द्यायला आई श्यामला पाठवते. श्याम दयेचा धडा शिकतो. पण मोळी डोक्यावर घेऊन ती म्हातारी पुढे गेली, आपल्या वाडीत पोचली, चूल पेटवली, आणि रात्री तिच्या नातवंडांनी तिला गोष्ट मागितली असेल ना? तिने काय सांगितले असेल? त्या दिवशी भेटलेल्या भल्या मुलाचे सांगितले असेल, की पिंपळावरच्या मुंजाचे? बेचाळीस रात्री एका घराच्या लिहिल्या गेल्या. त्या दुसऱ्या घराच्या रात्री कोणी लिहिल्या नाहीत, आणि ते घर तुमचे-माझे आहे.

आता एक अडचण. आपण चौथे शील घेतो: मुसावादा वेरमणी. बावीस प्रतिज्ञांतही खोटे बोलणार नाही असे आपण म्हटले आहे. मग ससा बोलला, भोपळा टुणटुण चालला, असे मुलांना सांगणे हे खोटे बोलणे नव्हे काय? आमच्या विहारात एका तरुण उपासकाने हे खरोखरच विचारले, आणि वडीलधारे हसले तरी मला तो प्रश्न हसण्यासारखा वाटला नाही. कारण खुद्द तथागतांनी हे शील शिकवले ते एका मुलाला, स्वतःच्या मुलाला. राहुल लहानपणीच संघात आला होता. एकदा तथागत त्याच्याकडे गेले, त्याने पाय धुवायला पाणी दिले. भांड्यात थोडे पाणी उरले होते. ते दाखवून म्हणाले, जाणूनबुजून खोटे बोलायला ज्याला लाज वाटत नाही त्याचे श्रामण्य एवढेसेच. मग ते पाणी फेकले, भांडे पालथे केले, पुन्हा रिकामे सुलटे केले, आणि प्रत्येक वेळी तेच सांगितले. थट्टेतसुद्धा खोटे बोलू नये, असा त्यांचा सांगावा आहे. सम्राट अशोकाने बैराटच्या शिलालेखात भिक्षू-भिक्षुणी आणि उपासक-उपासिकांनी वारंवार ऐकावीत अशी सात प्रवचने नावानिशी सांगितली, त्यांत खोटेपणाविषयीचा हा राहुलाला केलेला उपदेश आहे.

थट्टेतही नाही, म्हणजे शील चांगलेच कडक झाले. मी यावर पुष्कळ विचार केला आणि मला जे वाटले ते सांगते. पटले नाही तर सोडून द्या. भोपळ्यात बसून लेकीकडून परतणाऱ्या म्हातारीची गोष्ट सांगताना मी मुलीला फसवत नसते. भोपळा चालत नाही हे मला ठाऊक, तिलाही ठाऊक, आणि ती "खरंच?" म्हणाली तर मी "नाही, गोष्ट आहे" म्हणते. गंमत तिळभर कमी होत नाही. मुंजाचे तसे नव्हते. मी आईला "खरंच?" विचारले तेव्हा तिने "खरंच" म्हटले होते. राहुलाचे भांडे पालथे होते ते या ठिकाणी. (म्हातारीने वाघाला दिलेला "परत येते, मग मला खा" हा शब्द खोटा होता की नाही, हा प्रश्न माझ्या मुलीने काढला आहे आणि तो अजून सुटलेला नाही. जातकातले माकडसुद्धा मगरीला "माझे काळीज तर उंबरावर टांगलेले आहे" असे सांगूनच सुटते.)

हीच कसोटी आपल्या गोष्टींनाही लावली पाहिजे. पाली संग्रहात ५४७ जातके आहेत. भारहूतच्या कठड्यांवर ती नावांसह कोरली आहेत, अजिंठ्याच्या भिंतींवर रंगवली आहेत. पण प्रत्येक जातकात अमका प्राणी म्हणजे पूर्वजन्मीचे बुद्ध असे येते, आणि आत्म्याचा पुनर्जन्म बाबासाहेबांनी स्पष्टपणे नाकारला आहे. मी ते सांगत नाही. सिंह हा सिंह, माकड हे माकड. शिवाय जातकांत काय काय आहे तेही डोळे उघडे ठेवून वाचा. मातंग जातकात एका श्रीमंताची मुलगी चांडाळ दृष्टीस पडला म्हणून सुगंधी पाण्याने डोळे धुते आणि मागे फिरते. तिच्याबरोबरचे लोक त्याला बदडतात. बुद्धाचे नाव जोडले म्हणून सगळेच निजताना सांगण्याजोगे होत नाही. आणि बाबासाहेबांच्या बाबतीत तर अधिक जपा. त्यांच्या नावावर चमत्कार खपवू नका. एक देव्हारा रिकामा करून त्याच जागी दुसरा मांडण्याचे काम रात्रीच्या गोष्टी फार गुपचूप करतात.

असे करणारे जगात आपण एकटेच नाही. आफ्रिकेतल्या घाना देशातील अशांती लोकांत अनान्सी नावाच्या कोळ्याच्या, म्हणजे जाळे विणणाऱ्या किड्याच्या, गोष्टी आहेत; त्या अंधार पडल्यावर सांगायची रीत. तिथली माणसे गुलाम करून जमैकाला नेली गेली. अंगावर कपडा नव्हता, नाव बदलले गेले, पण अनान्सी त्यांच्याबरोबर गेला. एवढासा कोळी वाघाला अक्कलहुशारीने नमवतो, ही गोष्ट दिवसभर उसाच्या मळ्यात राबलेली आई रात्री मुलाला सांगे. मालकाला ती पोरखेळ वाटे. पोराला मात्र वाघ कोण ते बरोबर कळत असे. मालकांच्या बायबलातल्या गोष्टीही त्यांनी ऐकल्या, पण कोळी सोडला नाही.

मग आपला कोळी कोणता? मला वाटते, आपल्यापाशी नुसत्या कल्पित गोष्टी नाहीत, घडलेल्याही आहेत, आणि त्या सांगायला छाती लागते. १९०१ सालची गोष्ट. वडील सातारा जिल्ह्यात दुष्काळी कामावर खजिनदार होते. त्यांना भेटायला लहानगा भीवा घरातल्या मुलांबरोबर आगगाडीने निघाला, नवे कपडे घालून. मसूर स्टेशनावर कोणी घ्यायला आले नाही. जात कळल्यावर गाडीवाले तयार होईनात. शेवटी दुप्पट भाडे देऊन आणि बैल स्वतः हाकायचे कबूल करून गाडी मिळाली. डब्यात खायला होते, प्यायला पाणी नव्हते. रात्री जकातनाक्यावर पाणी मागितले; मिळाले नाही. मुले तशीच उपाशी, तहानलेली गाडीत झोपली. बाबासाहेबांनी हे स्वतः लिहून ठेवले आहे.

ही गोष्ट मुलांना सांगावी का? माझे यजमान म्हणतात, लवकर सांगितली पाहिजे. जगात बाहेर पडण्यापूर्वी पोराला ठाऊक हवे. मला वाटते, सांगावी, पण अंधारात नव्हे. निजण्यापूर्वी तहानलेल्या मुलाला गाडीत सोडून आपण दिवा मालवला, तर आपले पोर रात्रभर त्या गाडीतच राहते. ती गोष्ट दिवसा सांगावी, अंगणात, पाण्याने भरलेला तांब्या मधे ठेवून, आणि मुलाला राग आला तर येऊ द्यावा. त्याच बैठकीत हेही सांगावे की तोच मुलगा मोठा होऊन २० मार्च १९२७ रोजी आपल्या शेजारच्या महाडला हजारो माणसांसह चवदार तळ्यावर गेला आणि ओंजळीने पाणी प्याला. निजताना आनंदाची गोष्ट सांगा. भिक्षू आनंद पाणी भरणाऱ्या मुलीपाशी पाणी मागतो, ती म्हणते मी चांडाळाची, तो म्हणतो मी पाणी मागितले, जात नाही. एवढ्यावर मूल झोपते, आणि झोपेतही ते पाणी गोडच राहते.

काही मातांनी मला विचारले, बाई, आम्हाला वाचता येत नाही, आम्ही कुठून आणणार जातके? वर्षावासात विहारात ग्रंथाचे वाचन चालते तेव्हा आपली मुले कोपऱ्यात मांडीवर झोपलेली असतात, हे मी दर वर्षी पाहते. वाचन ऐकून घरी जाताना त्यातला एक प्रसंग, एकच, आपल्या बोलीत पोराला सांगितला तरी पुरे. मोबाईल हातात देऊन झोपवणे सोपे आहे खरे, पण मोबाईलला "त्याने काय केले?" असे विचारता येत नाही. आणि ज्यांना विहारातलेही आठवत नाही, त्यांनी स्वतःचे सांगावे.

माझी आई आता आमच्याकडे असते. गेल्या महिन्यात लाईट गेली होती, पाऊस धो धो कोसळत होता, आणि ती नातीला घेऊन आतल्या खोलीत निजली होती. मी बाहेर वह्या तपासायला मेणबत्ती लावून बसले होते. नातीने विचारले, "आजी, तुमच्या पिंपळावर खरंच मुंजा होता?"

आई बराच वेळ काही बोलली नाही. मला वाटले, झोपली.

"नव्हता गो बाय," ती म्हणाली. "तिथं विहीर होती."

"मग तुम्ही पाणी कुठून आणायच्या?"

आई उठून बसल्याचे मला ऐकू आले. मग ती सांगू लागली: वहाळात खणलेला डवरा, त्याला फुटणारा पाझर, फाल्गुनात तो आटायला लागला की पहाटे कोणी आधी जायचे यावरून बायकांची भांडणे, आणि एका रात्री तिची आई कळशी घेऊन एकटीच वर कशी गेली ते. हे मी कधीच ऐकले नव्हते. वह्या तशाच राहिल्या. मी मेणबत्ती विझवली आणि दारापाशी जाऊन बसले.